दुवा विकत घेता येतो काय?

(संकेतस्थळे चालविणारे छोटे प्रकाशक, संस्थाचालक आणि व्यावसायिक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मराठीत 'दुवा' या शब्दाला दोन अर्थ आहेत. साखळीच्या एका कडीला दुसरी कडी ज्याने जोडली जाते तो दुवा; आणि उपकृत झालेला माणूस मनापासून देतो तोही दुवा. संगणकाच्या जाळ्यावर एक पान वाचकाला दुसऱ्या पानाकडे पाठविते, त्या निर्देशालाही मराठीत आता दुवाच म्हणतात. या तिसऱ्या अर्थात पहिले दोन्ही अर्थ उतरलेले आहेत. असा दुवा दोन पानांना जोडतो, आणि जोडताना 'हे वाचण्याजोगे आहे' अशी साक्षही देतो. जोडणी विकत मिळते, यात वावगे काही नाही. साक्ष विकत मिळू लागली तर काय होते, हा आजचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा नाही. ज्याचे म्हणून एखादे संकेतस्थळ आहे, मग तो छोटा प्रकाशक असो, विणकरांची सोसायटी असो की तालुक्याच्या गावचे वाचनालय असो, त्याला एक विशिष्ट प्रकारचे पत्र हमखास येते. 'तुमचे संकेतस्थळ शोधयंत्राच्या पहिल्या पानावर आणून देऊ. इतक्या रुपयांत इतके दुवे मिळवून देऊ.' शोधयंत्राला आपले पान सापडावे, समजावे आणि त्याने ते वरच्या क्रमांकावर दाखवावे यासाठी जी खटपट केली जाते तिला 'सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन' अथवा थोडक्यात 'एसईओ' म्हणतात. तिचे दोन भाग आहेत. पहिला भाग स्वतःचे पान नीट करण्याचा. त्याबद्दल कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. दुसरा भाग इतरांच्या पानांवरून आपल्याकडे येणारे दुवे मिळविण्याचा. व्यापार वाढला तो या दुसऱ्या भागात. तो का वाढला, हे कळण्यासाठी शोधयंत्र न्यायनिवाडा कसा करते हे आधी पाहिले पाहिजे.

शोधयंत्र तीन कामे करते. त्याचे स्वयंचलित हस्तक दुव्यांवरून चालत जाऊन पाने वाचतात. वाचलेल्या पानांची शब्दवार सूची तयार होते. आणि कोणी प्रश्न विचारला की सूचीतून निघालेल्या असंख्य पानांची क्रमवारी लावून ती मांडली जातात. पहिली दोन कामे कष्टाची आहेत, तिसरे निवाड्याचे आहे. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत हा निवाडा मुख्यतः शब्द मोजून होत असे. ज्या पानावर 'साबण' हा शब्द अधिक वेळा, ते पान साबणाविषयी अधिक अधिकारवाणीचे! परिणामी मालकांनी एकच शब्द शंभर वेळा छापला; वाचकाला तो दिसू नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत छापला. उमेदवाराची लायकी त्यानेच भरलेल्या अर्जावरून ठरवावी, तशातला हा प्रकार होता.

यावर तोडगा निघाला तो असा की, पान स्वतःविषयी काय सांगते यापेक्षा इतर पाने त्याच्याविषयी काय सांगतात ते पाहावे. ही कल्पना संगणकशास्त्रात आकाशातून पडली नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये असे सुचविले होते की, वैज्ञानिक निबंध कोणाकोणाचे आधार देतात याची सूची केली तर ज्ञानाचा माग काढता येईल. १९६४ पासून अशी सूची प्रत्यक्ष प्रसिद्ध होऊ लागली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या मार्गावर आणखी एक ओळखीचा चेहरा भेटतो. वॅसिली लिओन्टिएफ यांनी १९४१ च्या आपल्या ग्रंथात अमेरिकेतील उद्योगांचे परस्परावलंबन कोष्टकांत मांडले. पोलादाची किंमत कोळशाच्या किमतीवर अवलंबून, कोळशाची यंत्रांच्या किमतीवर, आणि यंत्रांची पुन्हा पोलादाच्या. तेव्हा या किमती एकेक करून ठरविता येत नाहीत. सगळ्या एकदम, एकमेकींच्या संदर्भात सोडवाव्या लागतात. लिओन्टिएफ यांना १९७३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले.

१९९८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातील सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज या दोन संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या निबंधात जी रीत वर्णिली तिचे गणित याच जातीचे आहे. 'पेजरँक' या नावाने ती प्रसिद्ध झाली. ज्या पानाकडे वजनदार पाने निर्देश करतात ते पान वजनदार. आणि ती पाने वजनदार का, तर त्यांच्याकडेही अन्य वजनदार पाने निर्देश करतात म्हणून. ढोबळ मानाने सांगायचे तर, १२ वजनाच्या पानावर ३ दुवे असतील तर प्रत्येक दुव्याच्या वाट्याला ४ येतात. त्याच पानाने १२ दुवे दिले तर प्रत्येकाच्या वाट्याला फक्त १ येतो. प्रत्यक्ष सूत्रात आणखी काही वजावट होते, परंतु तत्त्व हेच. साक्षीदाराची पत जितकी मोठी तितकी त्याची साक्ष मोलाची, आणि तो जितक्यांची साक्ष देत सुटतो तितकी ती स्वस्त. आज गूगलची क्रमवारी दुव्याखेरीज इतर अनेक खुणांवर ठरते, हे खरे. तथापि दुव्याचे महत्त्व संपलेले नाही, आणि बाजारात त्याची किंमत टिकून आहे ती याचमुळे.

येथे एका गोष्टीकडे सहसा लक्ष जात नाही. या रीतीचा कच्चा माल कोणाचा होता? टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत १९८९ मध्ये जाळ्याची कल्पना मांडली आणि त्या संस्थेने ३० एप्रिल १९९३ रोजी तिची मूळ सामग्री कोणतेही शुल्क न आकारता सर्वांना खुली केली. स्टॅनफर्डमधील ज्या ग्रंथालय-प्रकल्पात ब्रिन आणि पेज काम करीत होते त्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाचा, म्हणजे करदात्यांचा, पैसा होता. आणि दुवे? ते लाखो अनामिक माणसांनी घातले होते. कोणी ग्रंथपालाने चांगल्या पानांची यादी केली, कोणी प्राध्यापकाने विद्यार्थ्यांसाठी संदर्भ दिले, कोणी छंद म्हणून एका विषयाची पाने जोडत गेला. यांपैकी कोणालाही मोबदला नव्हता आणि कोणी तो मागितलाही नाही. त्या निबंधाच्या वेळी सूचीत सुमारे २ कोटी ४० लाख पाने होती. पेजरँकचे पेटंट स्टॅनफर्डच्या नावे झाले. त्याच्या परवान्यापोटी विद्यापीठाला गूगलचे जे भाग मिळाले ते पुढे सुमारे ३३ कोटी ६० लाख डॉलरना विकले गेले. ज्यांच्या दुव्यांवर हे सारे उभे राहिले त्यांचा हिशेबात कोठे उल्लेख नाही. अर्थशास्त्राच्या परिभाषेत याला सार्वजनिक संपत्तीवर मिळविलेला खासगी खंड म्हणतात. गायरानावर कुंपण घातले गेले, आणि ते घालणाऱ्याने रानाची निगाही उत्तम राखली, म्हणून कोणी तक्रार केली नाही.

त्याच निबंधाच्या परिशिष्टात ब्रिन आणि पेज यांनी असा इशारा दिला होता की, जाहिरातींवर पोसलेली शोधयंत्रे स्वभावतःच जाहिरातदारांकडे झुकतील आणि वाचकाच्या गरजांपासून दूर जातील. म्हणून स्पर्धा करू शकेल असे एखादे पारदर्शक शोधयंत्र विद्याक्षेत्रात असणे अगत्याचे आहे. ऑक्टोबर २००० मध्ये त्यांच्याच कंपनीने शब्दांवर जाहिराती विकण्याची योजना सुरू केली. माणसे वाईट होती असा याचा अर्थ नव्हे. उत्पन्नाचा मार्ग बदलला की संस्थेचा विवेकही त्या मार्गाने वाहू लागतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता दुव्यांच्या बाजाराकडे वळू. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात एक निरीक्षण नोंदविले, ते आज त्यांच्या नावाने नियम म्हणून ओळखले जाते. त्याचे सार असे की, एखादे माप नियंत्रणासाठी वापरू लागताच ते माप म्हणून निकामी होते. दुव्याचे नेमके हेच झाले. दुवे मोजले जात नव्हते तोवर ते प्रामाणिक होते. ते मोजले जातात हे कळताच ते मोजण्यासाठीच घातले जाऊ लागले. २००२ मध्ये ओक्लाहोमातील 'सर्चकिंग' या कंपनीने वजनदार पानांवरून दुवे विकण्याचा धंदा उघड मांडला. गूगलने तिचा दर्जा घटविला. कंपनी न्यायालयात गेली. मे २००३ मध्ये न्यायालयाने निर्णय दिला की, क्रमवारी हे गूगलचे मत आहे आणि मत मांडण्याच्या घटनादत्त स्वातंत्र्याचे संरक्षण त्याला आहे. या निर्णयाचा अर्थ नीट ध्यानात घेण्यासारखा आहे. लाखोंचा उदरनिर्वाह ज्या सूचीवर अवलंबून होता ती कायद्याच्या दृष्टीने एका कंपनीचे मत ठरली. आणि मताविरुद्ध अपील कोठे करणार?

पुढची कथा चोर-शिपायाच्या खेळासारखी आहे. लोकांच्या पानांखाली अभिप्रायांच्या जागी यंत्रांनी दुव्यांचा पाऊस पाडला, तेव्हा जानेवारी २००५ मध्ये शोधयंत्रांनी 'नोफॉलो' ही खूण आणली. ती असलेला दुवा साक्ष म्हणून धरायचा नाही, असे ठरले. २००७ मध्ये इंग्रजी विकिपीडियाने आपले सर्व बाह्य दुवे या खुणेखाली आणले. फेब्रुवारी २०११ मध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने अमेरिकेतील जे. सी. पेनी या विक्रेत्या कंपनीचे प्रकरण उघडकीस आणले. कपड्यांपासून गालिच्यांपर्यंत अनेक शब्दांसाठी ही कंपनी सणासुदीच्या ऐन महिन्यांत पहिल्या क्रमांकावर होती, आणि तिच्याकडे येणारे हजारो दुवे वस्त्रांशी वा गालिच्यांशी काडीचाही संबंध नसलेल्या पानांवरून आलेले होते. आपल्याला याची माहिती नव्हती असे कंपनीने सांगितले आणि नेमलेल्या सल्लागारांना काढून टाकले. गूगलने कारवाई करताच प्रवासी बॅगांच्या एका शोधात ती काही तासांत पहिल्या क्रमांकावरून ७१ व्या क्रमांकावर गेली. एप्रिल २०१२ मध्ये 'पेंग्विन' नावाचा बदल आला आणि खरेदीच्या दुव्यांवर चालणारी असंख्य संकेतस्थळे एका रात्रीत दिसेनाशी झाली. मग उलटा व्यापार सुरू झाला. काल ज्यांनी दुवा मिळावा म्हणून पैसे दिले तेच आज तो काढून टाकावा म्हणून विनवण्या करू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गूगलला 'हे दुवे आमचे धरू नका' असे कळविण्याची सोय काढावी लागली.

या साऱ्या उलाढालीत समाजाची संपत्ती किती वाढली? काहीच नाही. फ्रेड हर्श यांनी १९७६ मध्ये 'स्थाननिष्ठ वस्तू' ही संकल्पना मांडली. अशा वस्तूचे मोल ती किती जणांकडे आहे यावर नव्हे, तर इतरांकडे ती नाही यावर अवलंबून असते. सभेत पुढचे दिसावे म्हणून एक जण टाचा उंचावतो, मग सगळेच उंचावतात. दिसते पूर्वीइतकेच, दुखतात मात्र सर्वांच्या टाचा. शोधयंत्राचे पहिले पान ही अशीच वस्तू आहे. तेथे थोड्याच जागा आहेत आणि कितीही पैसा ओतला तरी त्या वाढत नाहीत. दहा प्रकाशकांनी प्रत्येकी दहा हजार रुपये खर्चून दुवे घेतले तर त्यांचा परस्परक्रम बहुधा पूर्वीचाच राहतो आणि एक लाख रुपये मात्र जातात. ते पैसे पुस्तकांच्या छपाईला, लेखकाच्या मानधनाला, विणकराच्या सुताला लागले असते.

यावर छोट्या मालकाचा एक आक्षेप असतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. तो म्हणतो, 'सगळेच विकत घेतात. मीच प्रामाणिक राहिलो तर उपाशी मरेन.' या आक्षेपाचे दोन भाग करून उत्तर दिले पाहिजे. एक भाग व्यवहाराचा आहे आणि दुसरा न्यायाचा.

व्यवहाराचा भाग असा. विकतचा दुवा ही मालमत्ता नव्हे, तो भाड्याचा तंबू आहे. विकणारा तोच दुवा पन्नास जणांना देतो. प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाबरोबर त्याचे वजन घटते, हे वरच्या १२ आणि ३ च्या हिशेबावरून दिसेल. पकडला गेला तर मोठी कंपनी सल्लागार बदलते, जाहिरातीवर खर्च करते आणि सावरते. छोट्याकडे हे काहीच नसते. म्हणजे जोखीम सर्वांना सारखी दिसली तरी तिचे ओझे सारखे नाही. आणि ज्याला ती परवडत नाही त्यालाच हे पत्र सर्वांत मोहक वाटते.

याउलट स्वतःच्या घरातले काम बहुतेकांनी अपुरे ठेवलेले असते. मराठीत तर ही उणीव ठळक आहे. अनेक नियतकालिकांनी व संस्थांनी आपले जुने अंक छायाचित्रांच्या स्वरूपात चढविले आहेत. काहींचा मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये आहे. अशा फाँटमध्ये पडद्यावर 'शेती' दिसते, परंतु संगणकाच्या साठ्यात तेथे रोमन अक्षरांचा अर्थहीन पुंजका असतो. शोधयंत्राच्या दृष्टीने ते पान मराठी नाहीच. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे. चाळीस वर्षांचे अंक युनिकोडमध्ये आणण्याचा खर्च आणि हजार दुवे विकत घेण्याचा खर्च यांची तुलना एकदा कागदावर करून पाहावी. पहिल्या खर्चातून जे निर्माण होते ते नातवंडांनाही उपयोगी पडते.

दुसरे काम पत्त्यांचे. संकेतस्थळ नव्याने सजविताना पानांचे जुने पत्ते बदलतात आणि वर्षानुवर्षे लोकांनी आपणहून दिलेले दुवे रिकाम्या जागी जाऊन आपटतात. घर बदलल्यावर टपाल नव्या पत्त्यावर पाठविण्याची सोय करतात, तशी सोय येथेही आहे. जुन्या पत्त्यावरून वाचक कायमचा नव्या पत्त्यावर वळविता येतो. मिळालेला दुवा जपणे हे नवा मिळविण्यापेक्षा सोपे आणि स्वस्त असते. तिसरे काम नावाच्या नूतनीकरणाचे. संस्था थकली, सचिव बदलला, वार्षिक शुल्क भरायचे राहिले की संकेतस्थळाचे नाव दुसरा कोणीही घेऊ शकतो. अशी नावे हेरून घेणारे लोक आहेत. त्यांना नाव हवे असते ते त्यावर साचलेल्या दुव्यांसाठी. काल जेथे वाचनालयाची ग्रंथसूची होती तेथे आज जुगाराची जाहिरात दिसू लागते आणि जुन्या विश्वासाने दिलेले दुवे तिची साक्ष देत राहतात. मेलेल्या माणसाची सही दस्तऐवजावर उठवावी, तसा हा प्रकार आहे. मार्च २०२४ मध्ये गूगलने आपल्या नियमांत या गैरप्रकाराचा स्वतंत्र उल्लेख केला. परंतु पहिली राखण मालकानेच करावयाची आहे.

उरले इतरांकडून येणारे दुवे. त्यांचा राजमार्ग एकच आहे: दुसऱ्याला उपयोगी पडेल असे, अन्यत्र न मिळणारे काहीतरी आपल्या पानावर असणे. बियाणे विकणाऱ्याने आपल्या तालुक्यातील पेरणीच्या तारखा दरवर्षी नोंदवून ठेवाव्यात. प्रकाशकाने लेखकांच्या जन्मतारखा, आवृत्त्यांची वर्षे आणि मूळ किमती अचूक द्याव्यात. विणकरांच्या सोसायटीने वाणाचे प्रकार छायाचित्रांसह समजावून सांगावेत. ज्या संस्थेशी खरोखर व्यवहार आहे तिला 'आमचा उल्लेख करता, तेथे पत्ताही जोडा' असे मोकळेपणाने सांगण्यात कमीपणा नाही. पैसे घेऊन वा देऊन घातलेला दुवा असेल तर तो तसा असल्याची खूण करावी. २०१९ पासून त्यासाठी वेगळी खूणच ठरलेली आहे. जाहिरात ही जाहिरात म्हणून छापणे हा वृत्तपत्रांचा जुना सदाचार आहे, तोच येथे लागू करावयाचा.

आणि घेण्याबरोबर देणेही आले. मराठीतील पुष्कळ संकेतस्थळांवर लेखात ग्रंथाचा, संस्थेचा, दुसऱ्या नियतकालिकाचा उल्लेख असतो, परंतु दुवा नसतो. वाचक बाहेर जाईल या भीतीने तो टाळला जातो. ही भीती दुकानदाराची आहे, ग्रंथपालाची नव्हे. जो योग्य ठिकाणी पाठवितो त्याच्याकडे वाचक परत येतो. शिवाय दुवा 'येथे क्लिक करा' एवढ्या शब्दांवर न टांगता त्या पानाचे नाव लिहून द्यावा. त्यामुळे अंध वाचकाच्या वाचनयंत्रालाही कळते आणि शोधयंत्रालाही. मात्र 'तू मला दे, मी तुला देतो' असा ठोक सौदा करू नये. साटेलोटे ही साक्ष नव्हे, आणि ते सूचीवाल्यांच्या ध्यानातही येते.

आता न्यायाचा भाग. हे सारे मालकाने प्रामाणिकपणे केले तरी निवाडा एकाच दाराशी होणार असेल तर त्याचा प्रामाणिकपणा दयेवर अवलंबून राहतो. अमेरिकेत सरकारने २०२० मध्ये दाखल केलेल्या खटल्यात न्यायाधीश अमित मेहता यांनी ५ ऑगस्ट २०२४ रोजी निर्णय दिला की, गूगलने शोधक्षेत्रातील आपली मक्तेदारी बेकायदेशीर मार्गाने टिकविली. तेथील सर्वसाधारण शोधांपैकी सुमारे ९० टक्के आणि मोबाइलवरील सुमारे ९५ टक्के शोध तिच्याकडे जात असल्याचे पुराव्यात आले. फोन आणि ब्राउझर यांवर आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे यासाठी तिने केवळ २०२१ या वर्षी २६३० कोटी डॉलर इतरांना दिले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने कंपनीचे तुकडे करण्याचे नाकारले, परंतु अनन्य करारांना मनाई केली आणि पात्र प्रतिस्पर्ध्यांना काही माहिती देण्याचा आदेश दिला. युरोपीय आयोगाने २०१७ मध्ये स्वतःच्या खरेदी-सेवेला झुकते माप दिल्याबद्दल केलेला २४२ कोटी युरोंचा दंड तेथील सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायम केला. आपल्याकडेही भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये शोधनिकालांतील पक्षपाताबद्दल १३५.८६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर कंपनी अपिलात गेली. ही तक्रार २०१२ मध्ये दाखल करणाऱ्यांत एक विवाह जुळविणारी कंपनी होती आणि जयपूरची ग्राहक-संस्था 'कट्स' होती. सरकार जागे झाले ते नागरिकांची संस्था दाराशी गेली म्हणून, हे विसरता कामा नये.

दरम्यान प्रश्नाचे स्वरूपच बदलू लागले आहे. मे २०२४ मध्ये अमेरिकेत आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये भारतात गूगलने शोधाच्या माथ्यावर कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले उत्तर द्यावयास आरंभ केला. पूर्वीचा अलिखित करार असा होता: 'तू मला तुझे पान वाचू दे, मी तुझ्याकडे वाचक पाठवितो.' आता पान वाचले जाते, त्यातील सार वाचकाला दारातच दिले जाते, आणि पुष्कळदा वाचक पानापर्यंत येतच नाही. ज्याने शेताची मशागत केली त्याच्या खळ्यावरून धान्य उचलावे आणि त्याला सांगावे की तुझे नाव पोत्यावर बारीक अक्षरांत लिहिले आहे! अशा स्थितीत पहिल्या क्रमांकासाठी दुवे विकत घेणारा मालक, ज्या चावडीवरून गाव उठून जात आहे तेथे मानाची जागा मिळविण्यासाठी पैसे मोजतो आहे.

म्हणून संकेतस्थळांच्या मालकांनी एकेकट्याने क्रमांकासाठी झुंजण्यापेक्षा एकत्र येऊन काही मागण्या मांडणे अधिक शहाणपणाचे आहे. एखादे पान दंड म्हणून खाली ढकलले असेल तर तसे कळवावे आणि कारण द्यावे. त्यावर दाद मागता यावी, आणि ती दाद माणसाने, मालकाच्या भाषेत ऐकावी. पान सूचीत ठेवायचे परंतु यंत्राच्या उत्तरासाठी वापरू द्यायचे नाही, ही निवड मालकाची असावी आणि तिच्यासाठी त्याला शोधातून अदृश्य होण्याची शिक्षा असू नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सूची ही सार्वजनिक सोय म्हणूनही उभी राहावी. हे स्वप्नरंजन नव्हे. २००७ मध्ये स्थापन झालेली 'कॉमन क्रॉल' ही ना-नफा संस्था जाळ्यावरील पाने गोळा करून सर्वांना खुली करीत आली आहे. २०२२ मध्ये युरोपीय संघाच्या साहाय्याने तेथील चौदा संस्थांनी खुली वेब-सूची उभारण्याचे काम हाती घेतले. गावातल्या वाचनालयाची तालिका पुस्तकविक्रेत्याच्या ताब्यात द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. मग साऱ्या जगाच्या वाचनालयाची तालिका जाहिरात-विक्रेत्याच्या ताब्यात आहे, याचे आश्चर्य कोणाला का वाटू नये?

मागण्या मान्य होईपर्यंत हात बांधून बसावे असे मात्र नाही. शोधयंत्र नव्हते तेव्हाही माणसे एका पानावरून दुसऱ्या पानावर जातच होती, ती दुव्यांच्या आधारानेच. मराठीतील शंभर प्रकाशक, वाचनालये, नियतकालिके आणि सोसायट्या यांनी आपापल्या पानांवर एकमेकांच्या खरोखर वाचनीय मजकुराकडे, वाचून, पारखून, सांभाळून दुवे दिले तर कोणाच्याही कृपेवाचून वाचकाला चालायला एक पायवाट तयार होईल. ती शोधयंत्रालाही दिसेल, पण तिचा हेतू तो नसेल. असे दुवे घालण्यास पैसा लागत नाही; दुसऱ्याचे वाचण्याचा वेळ आणि चांगल्याला चांगले म्हणण्याचे मोठे मन लागते. प्रत्येकाने आजच आपल्या संकेतस्थळावरील तुटलेले दुवे तपासावेत, ते दुरुस्त करावेत, आणि शेजाऱ्याच्या एका चांगल्या पानाकडे एक नवा दुवा द्यावा. कामाची सुरुवात एवढ्यानेही होऊ शकते.